चौथं वर्तुळ रिकामं राहिलं: इकिगाईबद्दल विचारायचं आहे

सुनंदा मि.

नमस्कार. इथे बरंच वाचते, लिहिते मात्र पहिल्यांदाच.

माझं वय 56, राहायला मिरजेत. अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून त्यांचं सगळं मी केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, कुठे लाल झालंय का ते बघायचं, पेज दाटसर करून भरवायची, कारण पातळ दिलं की ठसका लागायचा. रात्रीही बारा, दोन, चार. विसरायला नको म्हणून वहीत वेळ लिहून ठेवायचे. अशा चौदा वह्या भरल्या. मागच्या श्रावणात आई गेल्या.

भेटायला येणारे म्हणाले, सुटलीस बाई. नणंदही म्हणाली, वहिनी, आता जरा स्वतःसाठी जगा. मायेनेच म्हणाली ती. पण मला अजून दोनला जाग येते, चारला येते. चारला जाग आली की पुढे उजाडेपर्यंत काय करायचं ते सुचत नाही आणि उजाडायची भीती वाटते. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, झोप पुरी कर की आता. ह्यांचंही बरोबर आहे.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिच्या कंपनीत इकिगाईवर कार्यशाळा झाली. तिने मला चार वर्तुळांचा कागद पाठवला. आपल्याला आवडतं ते, आपल्याला जमतं ते, जगाला गरज आहे ते, आणि ज्याचे पैसे मिळतात ते. चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण. जेवणाच्या टेबलावर बसून मी तीन वर्तुळं भरली. चौथ्यापाशी पेन थांबलं. मुलीला फोन केला, ती म्हणाली, आई, शिवणकाम लिही ना. पण पैशासाठी मी कधी एक ब्लाऊजसुद्धा शिवला नाही. खोटं कसं लिहू? कागद घडी करून चौदाव्या वहीत ठेवलाय.

मला मनापासून विचारायचंय. ज्यांच्या कामाचे कधी कुणी पैसे दिले नाहीत, त्यांना इकिगाई नसतेच का? जपानी माणसं खरंच असं मानतात का?

ओंकार_२९

काकू, मला हाच कागद उपयोगी पडला होता, म्हणून लिहितोय. मी चार वर्षं अशा नोकरीत होतो जिथे पैसे भरपूर होते आणि बाकीची तिन्ही वर्तुळं कोरी. ते डोळ्यांसमोर आलं तेव्हा निर्णय घेता आला. आता मुलांना गणित शिकवतो. नोकरी बदलायची असेल तर हा कागद चांगला आहे. पण तुमचा प्रश्न वाचून वाटलं, तो तुमच्यासाठी काढलेलाच नाही.

भाषांतरवाली

सुनंदाताई, मी पुण्यात जपानी-मराठी भाषांतराचं काम करते आणि त्याआधी तीन वर्षं ओकायामात राहिले आहे. (सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे, तेच ओकायामा.) तुमचा प्रश्न वाचून कालची दुपार दुसरं काही करवलं नाही.

आधी त्या कागदाचं सांगते. तो जपानी नाही. चार वर्तुळांची आकृती आन्द्रेस सुसुनागा या स्पॅनिश माणसाने काढली, 2011च्या सुमारास प्रसिद्ध झाली, आणि तिच्या मधोमध लिहिलं होतं 'प्रयोजन'. 2014मध्ये मार्क विन नावाच्या ब्रिटिश ब्लॉगलेखकाने मधला तो एक शब्द खोडून तिथे 'इकिगाई' लिहिलं. तेव्हापासून ती जगभर जपानी म्हणून फिरते आहे. चौथं वर्तुळ कोरं राहिलं म्हणून तुमची इकिगाई नाही असं कुणी म्हणत असेल, तर ते जपानी माणसं म्हणत नाहीत.

'इकि' म्हणजे जगणं आणि 'गाई' म्हणजे त्याचं चीज होणं. मराठीत आपण म्हणतो ना, 'केल्याचं चीज झालं', त्यातलं चीज. जपानीत हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. माझ्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. अंगणात पीचची तीन झाडं. उन्हाळा लागला की एकेका फळाला कागदी पिशवी बांधायच्या, तुमच्या तासगावकडे द्राक्षाच्या घडाला कागद गुंडाळतात तशी. मी शिडी धरायचे. त्या म्हणायच्या, ही झाडं माझी इकिगाई. पीच विकत नव्हत्या, वाटायच्या. कुणाची नातवंडं इकिगाई असतात, कुणाची संध्याकाळची गाण्याची भिशी. पैशाचा विषयच निघत नाही.

आता खरं सांगायचंय ते. या शब्दावर जपानमध्ये सगळ्यात खोल विचार केला तो मिएको कामिया यांनी. जन्म 1914चा, मानसोपचारतज्ज्ञ. तरुणपणी क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या. ओकायामाच्या किनाऱ्याजवळ नागाशिमा बेटावर आइसेइएन नावाची कुष्ठरुग्णांची सरकारी वसाहत आहे, 1930मध्ये स्थापन झालेली. रुग्णांना घरातून उचलून तिथे नेत आणि परत पाठवत नसत. पुष्कळजण खोटं नाव घेऊन राहिले, घरच्यांना बट्टा लागू नये म्हणून. कामियाबाई 1957पासून तिथे रुग्णांना तपासायला जाऊ लागल्या. त्यांना दिसलं ते असं: आजार हलका, हातपाय धड, तरी 'कशाला जगायचं' म्हणून आतून पोखरलेली माणसं होती. आणि त्याच आवारात डोळे गेलेली, बोटं झडलेली काही माणसं अशी होती की त्यांच्या चेहऱ्यावर जगण्याची ओढ दिसायची. हा फरक येतो कुठून, याचा त्यांनी ध्यास घेतला आणि 1966मध्ये त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक आलं.

त्या पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की सुखात असलेल्यांना कल्पना येणार नाही, पण या जगात ठिकठिकाणी अशी माणसं आहेत ज्यांना सकाळी जाग येण्याचीच भीती वाटते. ताई, तुमचं 'उजाडायची भीती वाटते' हे वाक्य वाचलं आणि मी उठून ते पान काढलं.

इकिगाई हिरावली गेली की माणसाच्या आत काय होतं यावर पुस्तकात वेगळी प्रकरणं आहेत. म्हणजे ती जाऊ शकते हे त्यांनी धरूनच ठेवलंय. आणखी एक भेद त्या करतात. ज्याच्यामुळे जगावंसं वाटतं ते एक आणि जगावंसं वाटणं हे दुसरं. तुमच्या बाबतीत पहिलं श्रावणात गेलं. दुसरं अजून दोनला आणि चारला उठून बसतंय.

मी नागाशिमाला एकदा गेले आहे. आता पूल आहे, 1988मध्ये झाला. पाणी इतकं अरुंद की पलीकडचं झाड ओळखू यावं, आणि तेवढ्या पाण्यावर पूल बांधायला साठ वर्षांच्या आसपास लागली. रुग्णांना कोंडणारा कायदा 1996मध्ये रद्द झाला. तिथल्याच कोइचि कोन्दो यांचं सांगते. दृष्टी गेलेली, बोटांची संवेदना गेलेली, म्हणजे ब्रेल वाचायला हातही नाहीत. ते जिभेने ब्रेल वाचायला शिकले. कागदावरचे उंचवटे जिभेच्या टोकाने चाचपायचे. संगीताची लिपीही तशीच वाचून त्यांनी अंध सोबत्यांचा माउथऑर्गनचा वाद्यवृंद उभा केला. कुठल्या वर्तुळात बसवणार हे?

एक विचारू? अकरा वर्षांच्या दिवसांत अशी एखादी वेळ होती का, जिची तुम्ही वाट पाहायचात?

सुनंदा मि.

भाषांतरवाली ताई, तुमचं लिहिणं ह्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण पेपर खाली ठेवला.

होती तशी वेळ. दुपारी चार. आईंची वाचा गेली होती, 'पाणी' म्हणता येत नव्हतं. पण एकदा वेणी घालताना मी सवयीने अभंग गुणगुणत होते आणि ओळ संपायच्या आत शेवटचा शब्द मागून आला. स्वच्छ, सुरात. माझ्या हातातला कंगवा खाली पडला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं जातं तरी गाणं राहू शकतं. मग रोज चारला वेणी आणि अभंग. ओळ मी म्हणायची, शेवटचा शब्द त्यांनी. चुकीचा शब्द म्हणाल्या की स्वतःच डाव्या हाताने गादीवर चापट मारायच्या आणि पुन्हा म्हणायच्या. साडेतीनपासूनच त्यांची नजर घड्याळाकडे असायची. माझीपण.

आकडेमोड

मी सामाजिक आरोग्य शिकवतो. एका अभ्यासाची भर घालतो, कारण तो सुनंदाताईंच्या प्रश्नाला थेट लागू आहे. जपानच्या मियागी प्रांतात ओसाकी भागातल्या 43,391 लोकांना विचारलं गेलं, तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का? उत्तरं तीनच: आहे, सांगता येत नाही, नाही. नंतर सात वर्षं त्यांची नोंद ठेवली. 2008मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 'आहे' म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला, वय, आजार, नोकरी वगैरे गोष्टी हिशेबात धरूनसुद्धा. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक दिसला, कर्करोगात नाही. यावरून इकिगाई हे औषध आहे असं मी म्हणणार नाही, एवढ्या अभ्यासावरून तसं म्हणता येत नाही. पण बघा, इकिगाई म्हणजे काय हे लोकांनी आपापलं ठरवायचं होतं. वर्तुळं कुणी काढून दिली नव्हती.

आणि ताई, पहाटेची जाग आणि भीती आठवडेच्या आठवडे चालू असेल तर एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. हे इकिगाईच्या चर्चेपेक्षा आधी करा.

वरोरा_रोड

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. नागाशिमाचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं ते 1949च्या आसपास. त्यांचा आग्रह भिकेऐवजी कामाचा होता. मी स्वतः पाहिलेलं सांगतो. एका रुग्णाच्या हाताची बोटं उरली नव्हती, त्याने मनगटाला चामड्याचा पट्टा बांधून त्यात खुरपं अडकवलेलं होतं. मी जखमेची पट्टी बदलायला बोलावलं तर म्हणाला, साहेब, ही सरी संपू द्या. मी बांधावर बसून राहिलो. सरी लांब होती. त्याला मजुरी काय मिळायची ते मी कधी विचारलं नाही, पण सरी मध्ये सोडायला तो तयार नव्हता एवढं पाहिलं.

सुनंदा मि.

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी गोळी दिली आहे आणि महिन्याने बोलावलंय.

दुसरं एक सांगायचंय. आईंचा एअर बेड भाड्याचा होता, तो परत करायला माझा जीव होत नव्हता. पाच महिने उगाच भाडं भरलं. परवा ह्यांना म्हटलं, चला, आज देऊन येऊ. दुकानात एक मुलगा उभा होता, तिशीतला असेल. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून तसाच बेड न्यायला आला होता. दुकानदार त्याला पंप कुठे लावायचा ते दाखवत होता, पण बाकीचं दुकानदाराला कुठलं माहीत असणार? मी सांगायला लागले. चादर एकच आणि सैल घालायची, ताणली तर हवेचा उपयोग होत नाही. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची सोडायची नाही. वळवताना हात धरून ओढायचं नाही, खाली आडवी चादर घालून चादरीनेच फिरवायचं. दुकानातल्या बाकावर ह्यांना झोपवून दाखवलं. ह्यांनीही काही न बोलता झोपून घेतलं. पाऊण तास गेला. मुलाने सगळं मोबाईलवर लिहून घेतलं आणि माझा नंबर मागितला.

काल रात्री अकराला त्याचा फोन. काकू, डावी टाच लाल झालीय. बोटाने दाबून बघ म्हटलं, पांढरी होते का? होते म्हणाला. मग अजून वेळ गेलेली नाही. पोटरीखाली उशी ठेव, टाच अधांतरी राहिली पाहिजे, कशालाही टेकता कामा नये. चोळू नकोस. उद्या डॉक्टरांना दाखव.

पहाटे चारला जाग आली. पाय जमिनीला लागायच्या आत मनात आलं, टाचेचं काय झालं असेल. त्या घरी झोपमोड नको म्हणून सहापर्यंत थांबले, चहा केला, मग मेसेज टाकला. सव्वासहाला फोटो आला. पोटरीखाली उशी, टाच हवेत, लाली उतरलेली. उशीचा अभ्रा मात्र जाड विणीचा होता. तो बदलायला सांगितला आहे.