समुद्र आणि तळे यांसाठी एकच पेडल कयाक घ्यायची झाल्यास: परांची की पंख्याची?

दर्यासारंग (चर्चाप्रस्ताव)

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहून गळाने मासे धरणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत हा प्रश्न वारंवार निघतो. एका शनिवारी मोंटेरेच्या उपसागरात रॉकफिश आणि लिंगकॉड, पुढच्या शनिवारी डेल व्हायेच्या जलाशयात किंवा क्लिअर लेकवर बास, असे दोन्ही करायचे असेल आणि घरी एकाच कयाकपुरती (एकट्याने चालवायच्या लहान होडीपुरती) जागा असेल, तर पायांनी चालणारी कोणती घ्यावी? माझे मत असे की निवड समुद्राच्या हिशोबाने करावी, आणि म्हणून पंख्याची न घेता परांची घ्यावी.

ज्यांनी दोन्ही पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पंख्याच्या कयाकमध्ये पाय सायकलसारखे गोल फिरतात आणि दंतचक्रांच्या पेटीतून खालचा पंखा फिरतो. ओल्ड टाउन या कंपनीच्या यंत्रणेत पायांच्या एका फेऱ्यामागे पंखा दहाहून अधिक फेरे घेतो. परांच्या कयाकमध्ये, म्हणजे मुख्यतः होबी कंपनीने १९९७ साली आणलेल्या मिराज ड्राइव्हमध्ये, पाय आळीपाळीने पुढे रेटायचे असतात आणि बोटीच्या पोटाखाली दोन लवचिक पर पेंग्विनच्या पंखांसारखे डावीउजवीकडे हलतात.

फरक कळतो तो किनाऱ्याला परत येताना. लाट मागून उचलू लागते, वाळू जवळ आलेली असते आणि हातात वल्हे असायला हवे असते, अशा वेळी परांच्या बोटीत एक पेडल पूर्ण पुढे रेटून धरले की दोन्ही पर पोटाला चिकटतात आणि हात मोकळे राहतात. पंखा मात्र जवळजवळ दीड फूट खाली लोंबत असतो. तो कडी सोडवून वर उचलावा लागतो, आणि तो उचलण्यासाठी नेमक्या त्याच क्षणी दोन्ही हात खाली वाकवावे लागतात.

दुसरी गोष्ट बोटीच्या आकाराची आहे. पाण्याला टेकलेल्या, फुटांत मोजलेल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की बोटीचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) साधारण कुठे अडतो ते कळते: १२ फुटांना ४.६, तर १६ फुटांना ५.४. आपण दिवसभर तीन-साडेतीन नॉटनेच जाणार, हे मला मान्य आहे. पण दुपारी वायव्येचा वारा सुटल्यावर त्याच्याविरुद्ध परत येताना लांब आणि अरुंद बोट त्याच वेगासाठी पायांकडून कमी मागते. तळ्यावर चुकलेली निवड फार तर त्रास देते. समुद्रावरची चूक तेवढ्यावर थांबत नाही.

डेल्टाकाठचा (प्रतिसाद)

आपला अनुभव मोठा आहे हे मान्य करूनही मला ठामपणे विरोध करावासा वाटतो, कारण आपण वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी उरलेल्या सगळ्या दिवसांची बोट ठरवत आहात. मी माझी वही काढून पाहिली. गेल्या वर्षी मी ४१ वेळा पाण्यात उतरलो आणि त्यांपैकी समुद्रात फक्त ७ वेळा. इच्छा कमी होती असे नाही; वारा आणि लाटांचा अंदाज पाहून बाकीचे बेत मीच रद्द केले. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मासे धरणाऱ्या बहुतेकांची वही अशीच असेल.

आता गोड्या पाण्यात काय होते ते पाहा. सॅक्रामेंटो आणि सान होआकिन या नद्यांच्या डेल्टात बास पाणगवताच्या भिंतीलगत बसलेला असतो. तो लागला की त्याची पहिली धाव गवताच्या मुळांकडे असते, आणि दोन सेकंदांत आपण मागे आलो नाही तर दोरी गुंतून तुटते. पंख्याच्या बोटीत मी पाय उलटे फिरवतो आणि बोट मागे सरकते. मिराज ड्राइव्हमध्येही आता दोरी ओढून परांची दिशा उलटी करता येते, हे मी नाकारत नाही. पण एका हातात वाकलेली काठी आणि दुसरा हात चकरीवर असताना ती दोरी ओढायला हात कुठून आणायचा? वाऱ्यात किंवा प्रवाहात एका जागी टिकून राहण्यासाठी मी दर मिनिटाला पुढेमागे होतो. हे काम पायांनीच व्हायला हवे, नाहीतर पेडलची बोट घेण्यातला निम्मा अर्थ जातो.

किनाऱ्याच्या मुद्द्याबद्दलही एक प्रश्न आहे. मोंटेरेला आपण सगळे सॅन कार्लोसच्या किनाऱ्यावरून उतरतो. तिथे धक्क्याची आड असल्यामुळे बहुतेक सकाळी लाट गुडघ्यापर्यंतही नसते. जिथे खरोखर लाट फुटते तिथून कयाक उतरवणारे आपल्यात किती आहेत?

दर्यासारंग

आपल्या ७ दिवसांची मला पूर्ण कदर आहे, पण माझा आग्रह त्या ७ दिवसांसाठीच आहे. सॅन कार्लोसवर सकाळी सहा वाजता लाट नसते आणि अकरा वाजता परत येताना असू शकते, हे आपणही पाहिले असेल.

केल्पचेही सांगतो. मोंटेरेच्या किनाऱ्यालगत हे समुद्रशैवाल तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढते आणि वर जाड पिवळसर पट्ट्यांची चटई पसरते. परांवर ते अडकते, पण पर पोटाला चिकटवून वल्ह्याने वरून घसरत जाता येते. तीन वर्षांपूर्वी माझ्या सोबत्याच्या पंख्यात केल्प आणि त्याचीच गळाची दोरी अशी दोन्ही गुंडाळली गेली. पंखा आणि पेटी यांच्यामधल्या बोटभर फटीत ती दोरी इतकी घट्ट बसली होती की यंत्रणा मांडीवर घेऊन, लहान कात्रीने एकेक वेढा कापत, त्याला वीस मिनिटे लागली. तेवढा वेळ मी त्याची बोट माझ्या बोटीला धरून ठेवली होती आणि आम्ही दोघेही हळूहळू खडकांकडे सरकत होतो. तो एकटा असता तर काय झाले असते, याचा विचार मी अजून करतो.

डेल्टाकाठचा

हा प्रसंग गंभीर आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. समुद्रात जाताना वल्हे हाताशी बांधलेले असावे हा त्यातला धडा दोन्ही बोटींना सारखाच लागू आहे. परंतु परही अजिंक्य नाहीत. त्यांचे पोलादी दांडे खडकावर आपटले की वाकतात. आदळल्यावर मागे दुमडणारे पर नंतरच्या मॉडेलांत आले, ते याच कारणाने. जुन्या यंत्रणांतल्या साखळ्या आणि तारा सैल पडतात आणि त्यांचा ताण वेळोवेळी जुळवावा लागतो. दंतचक्रांची पेटी बंद असते, तिच्यात वाळू जात नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे तर दोन्हींना चुकत नाही.

वल्हेकरीण (प्रतिसाद)

आपण दोघेही पोटाखाली काय फिरते यावर बोलत आहात. मी अट्ठावन्न वर्षांची आहे, एकटी मासे धरायला जाते आणि चार वर्षे पेडलची बोट वापरून पुन्हा वल्ह्याच्या कयाककडे आले आहे. त्यामागची कारणे इथे मांडली नाहीत तर नवीन घेणाऱ्यांची फसगत होईल असे मला वाटते.

पहिले कारण वजनाचे. होबीची आउटबॅक ही पेडल कयाक सगळ्या सामानासह ४५ किलोच्या पुढे जाते आणि प्रो अँग्लर १४ त्याहून पुष्कळ जड आहे. दुकानात ती गुळगुळीत फरशीवर ठेवलेली असते. आपल्याला ती पहाटे चार वाजता गाडीच्या टपावर चढवायची असते आणि मासे धरून दमल्यावर वाळूतून ओढत आणायची असते. माझी वल्ह्याची कयाक २७ किलोची आहे. ती मी एकटी उचलते, आणि म्हणूनच मी आठवड्याच्या मधल्या दिवशीही, वारा पडलेला पाहून, पटकन निघू शकते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मोंटेरेचे पाणी वर्षातला बहुतेक काळ १० ते १४ अंश सेल्सिअसचे असते. थंड पाण्यात पडणाऱ्यासाठी १-१०-१ असा नियम शिकवतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची सुमारे दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे उलटलेली बोट सुलटी करून परत चढायला तुमच्याकडे ती दहा मिनिटे आहेत. रुंद बोट सहजासहजी उलटत नाही, हे खरे. पण उलटलीच तर ती तेवढ्याच हट्टाने उलटी राहते. माझी पेडलची बोट ३८ इंच रुंद होती. ती मी उन्हाळ्यात, कोमट पाण्याच्या तळ्यात, मुद्दाम उलटवून पाहिली. पलीकडच्या कडेला बांधलेला पट्टा धरून, बोटीच्या पोटावर गुडघे टेकून, सगळे वजन मागे टाकून ओढले तेव्हा तिसऱ्या खेपेला ती वळली, आणि वर चढण्याइतकी ताकद माझ्या दंडांत उरली नाही. त्याच संध्याकाळी मी ती विकायचे ठरवले.

माझे आजोळ देवबागचे. तिथल्या होडीला एका बाजूला उलांडी असे, म्हणजे दोन वाशांनी जोडलेला एक ओंडका, आणि होडी स्वतः अरुंदच असे. स्थिरपणा रुंदीतूनच मिळवला पाहिजे असे नाही, हे मला लहानपणापासून दिसत आले आहे. समुद्रासाठी २८-३० इंचांहून रुंद बोट घेऊ नये असे माझे मत आहे, मग खाली पर असोत, पंखा असो किंवा काहीच नसो.

दर्यासारंग

वल्हेकरीण, आपण केलेली चाचणी माझ्या प्रस्तावात असायला हवी होती. मी दरवर्षी ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) घालून ती करतो, पण माझी बोट २८ इंचांची आहे आणि त्यामुळे रुंद बोटीचा हा त्रास मला कधी भोगावा लागला नाही. तरीही वल्ह्याकडे परत जाण्याशी मी सहमत नाही. दीडशे फूट खोलीवर गळाच्या दोरीचे शिसे तळाला टेकवून ठेवायचे असेल तर दोरी सरळ खाली राहायला हवी, आणि वारा बोटीला ढकलत असताना दोन्ही हात काठीवर ठेवून ते पायांनीच जमते. वल्हे मारायला काठी खाली ठेवली की शिसे खडकात अडकते.

नवा गळ (प्रतिसाद)

मी अजून बोट घेतलेली नाही, म्हणून कदाचित हा मुद्दा मला आधी दिसला असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टातल्या स्टॉकटनच्या बंदरात गोल्डन मसल हा बोटींबरोबर पसरणारा परदेशी शिंपला सापडला आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या अनेक जलाशयांनी बोटींच्या तपासणीचे आणि त्या काही दिवस कोरड्या ठेवण्याचे नियम कडक केले. कयाकसारख्या हाताने उचलून पाण्यात सोडायच्या बोटींचे नियम जलाशयागणिक वेगळे आहेत. मग डेल्टात आणि जलाशयात एकच बोट नेणाऱ्याने काय करावे? दोन जुन्या, स्वस्त बोटी घेणे शहाणपणाचे नाही का? आणि पायांऐवजी विजेची लहान मोटर लावली तर?

डेल्टाकाठचा

मोटर लावली की कॅलिफोर्नियात बोटीची नोंदणी करून क्रमांक लावावा लागतो; नुसत्या पायांच्या किंवा वल्ह्याच्या बोटीला ते लागत नाही. शिवाय बॅटरीचे वजन वल्हेकरणींच्या पहिल्या मुद्द्यात भर घालते.

शिंपल्यांचा मुद्दा मात्र फार मोलाचा आहे आणि तो मला थेट लागू होतो, कारण मी त्याच डेल्टात मासे धरतो. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णी पाहिलेल्या कुणालाही बाहेरून आलेला एक जीव पाण्याचे काय करू शकतो हे सांगायला नको. तीच जलपर्णी डेल्टातही आहे. मी घरी आल्यावर बोट उलटी टांगतो, आतले पाणी बूच काढून निथळू देतो, आणि यंत्रणा बाहेर काढून ती बसते ती खाच फडक्याने कोरडी करतो. पंख्याची यंत्रणा अख्खी बाहेर निघते आणि तिच्यावर पुसायला जागा कमी असते. परांच्या कापडासारख्या लवचिक पात्यांत आणि दांड्यांच्या खोबणीत पाणी राहते, असे माझ्या मित्राच्या बोटीवर मी पाहिले आहे. दोन बोटींचे म्हणाल, तर ज्यांच्याकडे गॅरेज आहे त्यांनी अवश्य घ्याव्यात. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.

दर्यासारंग

परांतही पाणी उरत नाही, ते उभे टांगले तर रात्रीत निथळतात. पण खोबणीचे आपले म्हणणे बरोबर आहे आणि तिथे मी दात घासायचा जुना ब्रश वापरतो.

नव्या गळाला माझा सल्ला आता थोडा बदलून देतो. कोणतीही बोट घेण्याआधी ती भाड्याने किंवा कुणाकडून मागून घ्यावी, उन्हाळ्यात डेल व्हायेला न्यावी, लाइफ जॅकेट घालून खोल पाण्यात उलटवावी आणि घड्याळ लावून परत चढून पाहावे. एकट्याने पाच मिनिटांत जमले नाही तर ती बोट समुद्रासाठी घेऊ नये, तिच्याखाली माझे आवडते पर असले तरीही. जमले, तर परांचीच घ्यावी हे माझे मत कायम आहे.

डेल्टाकाठचा

चाचणीची अट मला मान्य आहे आणि या महिन्यात मी माझी ३६ इंचांची बोट उलटवून पाहणार आहे. जमले नाही तर मी समुद्राचे ७ दिवस सोडेन किंवा त्यांच्यापुरती आपल्यासारखी अरुंद बोट भाड्याने घेईन. उरलेल्या ३४ दिवसांसाठी मात्र पाय उलटे फिरवताच मागे येणारी बोट मी सोडणार नाही.

वल्हेकरीण

उलटवताना कुणीतरी सोबत असू द्या, आणि पट्टा आधीच बांधून ठेवा. पाण्यात पडल्यावर तो शोधता येत नाही.