खुनी प्राण्याचा स्वस्तातला भयपट सुचवा (शार्क नको)

घुबड: शनिवारी रात्री आम्ही भावंडं जमतोय. जनावर माणसं मारत सुटतं असा, कमी पैशांत काढलेला पिक्चर हवाय. दीड तासाच्या आत. आणि शार्क नको, ताईचा पोहण्याचा क्लास सोमवारपासून आहे.

बापू: 'जॉज', १९७५. विषय संपला.

घुबड: शार्क आहे हो त्यात. आणि स्वस्त कुठला?

बापू: यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमीच दाखवला. म्हणजे काटकसरच की.

रातकिडा: त्याच बिघाडांनी बजेट दुपटीवर गेलं, बापू. तू 'ग्रिझली' बघ, १९७६. तीच कथा, शार्कच्या जागी अस्वल. समीक्षकांनी धू धू धुतला, गल्ला मात्र भरला.

जलपरी: 'ओपन वॉटर' (२००३)! सव्वा लाख डॉलरच्या आसपास खर्च, पुढे २५ लाखांना विकला गेला. शार्क खरे, नटांच्या सूटखाली जाळीचं चिलखत. तो पाहून मी डायव्हिंगचा कोर्स अर्ध्यात सोडला. फी बुडाली ती बुडालीच.

घुबड: शार्क. नको.

रिकामटेकडा: 'द किलर श्रूज', १९५९. कुत्र्यांना केसाळ कातडी चढवून राक्षसी चिचुंद्र्या म्हणून पळवलंय. आमचं कुत्रं पडद्याशी जाऊन शेपूट हलवत बसलं.

रातकिडा: एवढे मोठे उंदीर कोण मानणार?

रिकामटेकडा: चिचुंद्री उंदीर नव्हे. ती कीटक खाते, दात पाहा तिचे. काही जातींच्या लाळेत खरंच विष असतं.

रातकिडा: आमच्या माळ्यावरची साबण खाते.

रिकामटेकडा: मग तो उंदीर आहे.

तिसरी घंटा: चिचुंद्री पुरे. 'ब्लॅक वॉटर' बघा, २००७, ऑस्ट्रेलियाचा. होडी उलटते, माणसं खारफुटीच्या झाडावर अडकतात, खाली मगर. मगर खरी, वेगळी चित्रित करून दृश्यात बसवलेली. बराच वेळ नुसतं गढूळ पाणी दिसतं आणि आपण पाय वर घेऊन बसतो.

जलपरी: +१. पण 'ओपन वॉटर'ची सर नाही.

बापू: गढूळ पाण्याची युक्ती 'जॉज'चीच.

घुबड: सगळ्यांचे आभार. चिचुंद्र्या ठरल्या, सव्वा तासात आटपतं.

तिसरी घंटा: घाबरायचं होतं ना तुम्हाला?

घुबड (रविवारी): पाहिला. कोणी घाबरलं नाही. ताईने मध्येच विचारलं, त्या कातड्यात कुत्र्यांना उकडत नसेल का? पिक्चर थांबवून त्यावर अर्धा तास भांडलो.