नवशिक्या मुलांना निक्स, डॉकर असली टूल्स द्यावीत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी वाळपईजवळचा, नोकरीला पणजीत. दर रविवारी गावात देवळाच्या सभामंडपात अकरावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या १४ मुलांना पायथन शिकवतो, फी वगैरे काही नाही. लॅपटॉप कुणाच्या दादाचा, कुणाचा सेकंडहँड. नऊ विंडोज आणि पाच उबुंटू २४.०४.

आता अडचण सांगतो. वाळपईच्या पावसाचे आकडे घेऊन ग्राफ काढायचा होता, मुलं खूश होती कारण पाऊस म्हणजे आमच्या सत्तरी तालुक्याचा घरचाच विषय, पण गेले दोन रविवार पांडाज (आकड्यांच्या तक्त्यांवर काम करायची पायथनची लायब्ररी) इन्स्टॉल करण्यातच गेले. उबुंटूवर पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) थेट नाही म्हणतं, एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट असा एरर, म्हणजे हे पायथन उबुंटू सांभाळतं, त्यात परस्पर काही टाकू नका. एका मुलाने नेटवर बघून ब्रेक सिस्टम पॅकेजेस हा, ती अडवणूक मोडून जबरदस्तीने टाकायचा पर्याय लावून टाकला, मी बघेपर्यंत झालं होतं. विंडोजवर व्हेन्व्ह (एका प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) करून दिलं तर ते ॲक्टिव्हेट करताना पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं टर्मिनल, म्हणतं स्क्रिप्ट चालवायची परवानगी नाही. आणि एका मुलीच्या लॅपटॉपवर पिप सांगतं पांडाज आहे, कोड चालवला की मॉड्यूल सापडत नाही. तासाभराने कळलं की पायथन दोन आहेत, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं, एक पायथनच्या साइटवरचं, पिप एकाचं आणि कोड चालवणारं दुसरं. तोपर्यंत ती गप्प बसलेली, तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. ते मला फार लागलं.

बेंगळुरूचा एक मित्र म्हणाला, सरळ निक्स (सॉफ्टवेअर नेमक्या व्हर्जनसकट टाकून देणारं टूल) घाल, काय काय हवं ते सांगणारी एक फ्लेक फाइल लिहून दे, सगळ्यांकडे तेच पायथन आणि लायब्ररीचं तेच व्हर्जन. मी एका उबुंटूवर करून बघितलं आणि खरंच झालं, मला स्वतःला आवडलं. पण दुसऱ्या लॅपटॉपवर फ्लेक फाइल फोल्डरमध्ये समोर दिसतेय तरी निक्स म्हणतं अशी फाइलच नाही, एररमध्ये निक्स स्टोअरचा भलामोठा पाथ. कारण काय तर फोल्डर गिटचं (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं टूल) होतं आणि फाइल गिटला ॲड केलेली नव्हती. मुलांनी गिटचं नावही ऐकलेलं नाही, त्यांना हे कसं समजावू? विंडोजवाल्यांना आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकावं लागेल, त्यातले काही लॅपटॉप ४ जीबी रॅमचे, आणि नेट म्हणजे माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट.

मित्राचंही चूक वाटत नाही, तो म्हणतो इन्स्टॉलच्या भानगडीत मुलांची उमेद मोडते, तो काही प्रोग्रामिंगचा अभ्यास नव्हे. पण पाथ म्हणजे काय, पॅकेज जातं कुठे, हे कधीतरी कळायला नको? कुणी खरंच नवीन मुलांबरोबर ही टूल्स वापरलीत का? चवथीच्या सुट्टीआधी एकदा हे मार्गी लावायचंय.

प्रतिसाद १ (फोंड्याहून)
दादा, मी कॉलेजात शिकवते. निक्स सुरू झालं २००३ मध्ये नेदरलँड्सच्या युट्रेख्टला, एल्को डोल्स्ट्राचा २००६ चा पीएचडी प्रबंधच त्यावर आहे, आणि प्रश्न होता सॉफ्टवेअर एका मशीनवरून दुसरीकडे नेलं तरी तस्संच चालावं हा. तुमचा प्रश्न तोच आहे, १४ मशीन, म्हणून ते तुम्हाला पटतंय. पण तो प्रश्न तुमचा आहे, मुलांचा नाही. मुलांना हवंय कोड चालणं. म्हणून टूल ॲडव्हान्स्ड आहे की नाही ते बघू नका, बिघडल्यावर येणारा एरर मुलाला वाचता येतो का ते बघा. यूव्ही (पायथन आणि त्याची पॅकेजेस सांभाळणारं टूल) बघा, २०२४ मध्ये आलंय, ॲडमिन पासवर्ड लागत नाही, पायथन नसेल तर स्वतः आणतं. यूव्ही इनिट, यूव्ही ॲड पांडाज, मग यूव्ही रन. ॲक्टिव्हेट करायची भानगडच नाही, त्यामुळे पॉवरशेलचं ते दुखणं गेलं. लॉक फाइल, म्हणजे पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स लिहिलेली फाइल, विंडोज-लिनक्स दोन्हीला एकच चालते.

प्रतिसाद २ (म्हापसा)
मी जरा वेगळं सांगेन. पहिले दोन महिने टर्मिनलच नको, थॉनी टाका, एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात सुरू झालेला नवशिक्यांसाठीचा एडिटर आहे, विंडोजवर पायथन त्याच्यासोबतच येतं, म्हणजे दोन पायथनचा घोळ होत नाही. पांडाजही मेनूतूनच टाकता येतं. डॉकर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) आत्ता अजिबात नको, ४ जीबीत ते आणि डब्ल्यूएसएल मिळून लॅपटॉप रडेल.

मूळ धागाकर्ता
ताई, "एरर वाचता येतो का" हे पटलं, मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. काल रात्री त्या मुलीच्या घरी जाऊन यूव्ही टाकून दिलं, ग्राफ आला, तिने लगेच जुलैचा बार लाल केला. थॉनी दोन उबुंटूवर बघतो. एक राहिलं, सगळ्यांचं डाउनलोड हॉटस्पॉटवर होणार नाही, तर व्हील फाइल्स (इन्स्टॉलला तयार असलेली पॅकेजेस) घरून पिप डाउनलोडने पेन ड्राइव्हवर नेऊ का? विंडोजच्या आणि लिनक्सच्या वेगळ्या लागतील आणि पायथनचं व्हर्जन जुळवावं लागेल एवढं माहीत आहे, कुणी केलं असेल तर फोल्डर कसं लावलंत ते सांगा. देव बरें करूं.