विरोधी पक्षनेतेपदासाठी २९ आमदारांची अट नेमकी कुठे लिहिली आहे?

निफाडकर (प्रश्न)
नाशिकमधील ज्या अभ्यासिकेत आम्ही चौघे राज्यसेवेची तयारी करतो, तिथे काल या एकाच मुद्द्यावर चहा गार झाला. २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांपैकी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६ आणि शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी एका पक्षाकडे सभागृहाच्या दहा टक्के जागा हव्यात, असे सांगतात. वहीच्या समासात ते गणित केले तर २८.८ येतात, म्हणजे २९ आमदार हवेत. परंतु आघाडी करून लढलेल्या या तीन पक्षांची बेरीज ४६ होते. मग आघाडीच्या नेत्याला हे पद का मिळू नये, आणि मुळात ही अट कोणत्या कायद्यात आहे?

पंचवटीकर
कोणत्याच नाही. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन व भत्त्यांविषयी महाराष्ट्राचा १९७८ चा कायदा आहे. विरोधातील सर्वांत मोठ्या पक्षाचा आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढाच त्यातील व्याख्येचा आशय आहे. दहा टक्के हा लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या काळापासून चालत आलेला संकेत. तुमची ४६ ची बेरीज मात्र इथे कामाची नाही, कारण कायदा पक्ष मोजतो, आघाडी मोजत नाही.

सिन्नरकर
संकेत म्हणून तो सोडून देता येत नाही. २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ खासदार असूनही काँग्रेसला लोकसभेत हे पद मिळाले नव्हते.

मालेगावकर
लोकसभेचे दाखले देण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. १९८५ च्या निवडणुकीनंतर समाजवादी काँग्रेसचे ५४ आमदार होते आणि शरद पवार विरोधी पक्षनेते होते. १९८६ च्या अखेरीस तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला, आणि त्यानंतर हे पद मालेगावचे आमदार निहाल अहमद यांच्याकडे आले, ज्यांच्या जनता पक्षाचे त्या निवडणुकीत २० जण निवडून आले होते. म्हणजे आज ठाकरे यांच्या शिवसेनेचे आहेत तेवढेच! पुढे शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील यांनाही ते मिळाले, आणि शेकापच्या तर १३ जागा होत्या. मृणाल गोरे याही त्याच काळात विरोधी पक्षनेत्या झाल्या. दिल्ली विधानसभेत २०१५ साली ७० पैकी अवघे ३ आमदार असलेल्या भाजपच्या विजेंद्र गुप्ता यांनाही मान्यता मिळाली होती. तेव्हा संख्येची सबब माझ्या मते टिकत नाही. अध्यक्षांची इच्छा असेल तर वाट मोकळी आहे.

निफाडकर
निहाल अहमद यांचे उदाहरण माहीत नव्हते. पण पद रिकामे राहिले, तर ज्या निवड समित्यांवर विरोधी पक्षनेता असावा लागतो, त्यांचे काय होते?

पंचवटीकर
त्या त्या कायद्यात पाहावे लागते. माहिती अधिकार कायद्यात, २००५ मध्येच, याची सोय करून ठेवली आहे: राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीपुरता, मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसल्यास, विरोधातील सर्वांत मोठ्या गटाचा नेता विरोधी पक्षनेता मानला जातो. सभागृहातील मंत्रिपदाचा दर्जा मात्र त्याने मिळत नाही.