आयोवात नवीन आहे: कॉकसला इतके कमी लोक का जातात? आणि मी जावं का?

नवी_आयोवाकर (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. न्यू जर्सी सोडून आम्ही आयोवात, डे मॉइनजवळच्या अँकनीत राहायला आलो. २०२१ मध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हापासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही, अगदी शाळा मंडळाचंसुद्धा. पण न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान, असते जूनमध्ये. ४ जून २०२४ ला मोठ्या उत्साहाने मत द्यायला गेले, तर बायडेन आणि ट्रम्प या दोघांची उमेदवारी मार्चमध्येच पक्की झालेली. वरातीमागून घोडं! त्या दिवशी परत येताना गाडीत फार वाईट वाटलं होतं.

आता ही निवड जिथे लवकर होते अशा सुरुवातीच्या राज्यात आल्याचा आनंद होता. इथे प्रायमरीऐवजी कॉकस असतं, म्हणजे पक्षाच्या लोकांनी ठरलेल्या वेळी एकत्र जमून पसंतीचा उमेदवार ठरवायची सभा. पण ऑफिसात विचारलं तर जन्मापासून इथे राहिलेले सहकारी सांगतात, "मी कधीच गेलो नाही कॉकसला." १५ जानेवारी २०२४ च्या रिपब्लिकन कॉकसला साधारण १ लाख १० हजार लोक गेले, म्हणजे त्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम १५ टक्के. राज्याची लोकसंख्या ३२ लाख. सगळं जग ज्या निकालाकडे डोळे लावून बसतं, तिथे एवढीच माणसं?

दुसरं म्हणजे मला थोडी धास्ती वाटते. डेमोक्रॅट्सच्या सभेत म्हणे सगळ्यांसमोर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागायचं. शेजारी, ऑफिसातले साहेब, सगळे बघणार. मुलगी सहा वर्षांची आहे, नवरा महिन्यातून दोन आठवडे प्रवासात. कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगाल का?

---

लॅबवाली_ताई:

धागा वाचला आणि राहवलं नाही. वयाने मोठी असणार मी, म्हणून 'अगं' म्हणते, चालेल ना?

मी आयोवा सिटीत २००१ पासून आहे, इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. पहिलं कॉकस २००८ चं, ३ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी सातची वेळ, प्राथमिक शाळेची जेवणाची खोली. सहालाच रांग दाराबाहेर बर्फात आलेली. नोंदणीचे फॉर्म संपले, तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या मशीनवर छापून आणले. आमच्या प्रीसिंक्टमध्ये, म्हणजे मतदान विभागात, २६८ माणसं भरली. मोजायची पद्धत कशी? प्रत्येकाने मोठ्याने आपला आकडा म्हणायचा आणि पुढच्याकडे पाहायचं. माझा ११४ आला. या देशात माझा आवाज असा मोजला गेल्याचा तो पहिला प्रसंग. अंगावर काटा आला होता, खरंच.

नियम असा होता की ज्या गटात १५ टक्के माणसं नाहीत, तो गट टिकत नाही. आमच्याकडे ४१ लागत होती. जो बायडेन यांच्या कोपऱ्यात १९ जण होते. त्यात आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, हातात काठी. गट बाद झाल्याचं जाहीर झालं, तशी त्यांनी फलकाची नीट घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. तीन कोपऱ्यांतून माणसं त्यांच्याकडे धावली, आपापल्या उमेदवाराची आरोग्य योजना समजावू लागली. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याशेजारी खुर्ची आहे ना?" त्या रात्रीच बायडेन शर्यतीतून बाहेर पडले. पुढे बारा वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा मला ती घडी घातलेली पाटी आठवली.

त्या वर्षी डेमोक्रॅट्सकडे २ लाख ३९ हजारांच्या आसपास लोक आले, २००४ च्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे आयोवाची माणसं घरात बसून राहणारी आहेत असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता २०१६. १ फेब्रुवारी, सोमवार. माझी दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. तीन आठवडे आधी पाळी बदलून मागितली, नाही मिळाली. कॉकसला टपालाने मत नाही, लवकर मतदान नाही. सातला त्या खोलीत तुम्ही हजर असाल तरच मोजले जाणार. मी रक्ताच्या नळ्या यंत्रात लावत होते आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर आकडे येत होते. हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स या दोन डेमोक्रॅट उमेदवारांत शेवटी फरक उरला पाव टक्का. फक्त पाव टक्का! त्या रात्री आमच्या मजल्यावर आम्ही अकरा जणी होतो. परिचारिका, सफाईवाली, स्वयंपाकघरातली, मी. अकराही जणींना मत होतं आणि एकीचंही मोजलं गेलं नाही.

म्हणून "लोक का जात नाहीत" हा प्रश्न मला उलटा वाटतो. जाता येईल अशी सोय कोणासाठी आहे, ते आधी बघ. संध्याकाळी सात, कडाक्याची थंडी, दीड-दोन तास बसायचं. पाळीवाला, लहान मूल असलेली, आजारी आईला सोडून निघू न शकणारा, गाडी नसलेला, हे सगळे आपोआप गळतात. याला आळस म्हणतात तेव्हा मला चीड येते.

२०२० ला पक्षाने थोडं शहाणपण केलं, पाळीवाल्यांसाठी वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी छोटी कॉकस ठेवली. ओटमवा गावात मांस कारखान्यातले दुसऱ्या पाळीचे कामगार भर दुपारी संघटनेच्या सभागृहात जमले. त्यांच्यात बरेच जण इथिओपियाहून आलेले, एकूण जेमतेम पंधरा. पण त्या दिवशी राज्यात सगळ्यात आधी मोजले गेलेल्यांत ते होते. त्याच रात्री निकाल कळवायचं ॲप कोसळलं आणि जगभर बातमी झाली ती तेवढीच. त्या पंधरा जणांबद्दल कोणी बोललं नाही, याचं मला अजून दुःख आहे.

तुझ्या धास्तीबद्दल: रिपब्लिकन कॉकसमध्ये भाषणं झाल्यावर कागदावर गुप्त मत देतात, कोपऱ्यात उभं राहणं नाही. डेमोक्रॅट्सनी २०२४ ला कोपऱ्यांची पद्धत बंद करून पसंतीचं कार्ड टपालाने मागवलं. मी माझं कार्ड स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भरलं, कामावर जायच्या आधी.

---

नॅशुआकर:

ताई, अकरा जणींचं वाचून गप्पच झालो.

मी न्यू हॅम्पशायरचा, आमच्याकडची बाजू सांगतो. इथे कॉकस नाही, साधी प्रायमरी. दिवसभर मतदान उघडं असतं. कामावर जाताना द्या, येताना द्या. नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, मतपत्रिकेचा कागद घ्या, पाच मिनिटांत बाहेर. मी कुठल्याच पक्षाचा नाही, यादीत 'अघोषित' अशी नोंद आहे. तरी त्या दिवशी दोन्हींपैकी हव्या त्या पक्षाचा कागद मागता येतो, आणि बाहेर पडताना टेबलावर एक फॉर्म भरला की परत अघोषित. राज्यात अशी नोंद असलेले सगळ्यात जास्त आहेत.

आता आकडे बघा. आमची लोकसंख्या १४ लाख, आयोवाच्या निम्म्याहून कमी. पण २३ जानेवारी २०२४ ला इथे रिपब्लिकन प्रायमरीत सव्वातीन लाखांच्या आसपास मतं पडली. आठच दिवस आधी आयोवात १ लाख १० हजार. म्हणजे निम्म्या राज्यात तिप्पट माणसं. अर्थात सगळं श्रेय पद्धतीला देणं बरोबर नाही. आयोवात त्या दिवशी जीवघेणी थंडी होती, ट्रम्प खूपच पुढे होते, आणि इथे ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हेलींसाठी बरेच अघोषित मतदार बाहेर पडले. तरी एवढी तफावत फक्त हवामानाने होत नाही.

मग आयोवा प्रायमरी का घेत नाही? कारण आमचाच कायदा! आमच्या राज्याच्या कायद्यात लिहिलंय की आमची प्रायमरी इतर कोणत्याही राज्याच्या तशा निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी व्हायला हवी. आयोवाने साधी प्रायमरी ठेवली की आमची तारीख त्याच्याही आधी ओढली जाणार. कॉकस हा वेगळा प्रकार म्हणून त्यांना आमच्या आधी राहता आलं. पहिल्या नंबरापायी तिथल्या माणसांनी गर्दी कमी होणारी पद्धत सोसली, असं माझं मत आहे. आमच्या राज्याचा म्हणून मला त्याबद्दल थोडं वाईटही वाटतं.

इकडे नव्याने राहायला येणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक: २०२४ च्या शेवटापासून इथे नव्याने नाव नोंदवताना नागरिकत्वाचा पुरावा लागतो. पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेऊनच जा, नाहीतर रिकाम्या हाती परतावं लागेल.

---

पावसाळी_सिॲटल:

ताईंच्या मुद्द्याला आमच्या वॉशिंग्टन राज्याचाच दाखला देतो. २०१६ ला इथे डेमोक्रॅट्सचं कॉकस मार्चमध्ये झालं. २ लाख ३० हजार लोक आले, सँडर्स प्रचंड फरकाने जिंकले. मे महिन्यात त्याच पक्षाची टपालाने प्रायमरी झाली, जिचा प्रतिनिधींच्या (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्यांच्या) वाटपाशी काही संबंध नव्हता. म्हणजे मत देऊन उपयोग नाही हे जाहीर होतं, तरी ८ लाखांच्या आसपास मतं आली. आणि जिंकल्या क्लिंटन!

एकच राज्य, एकच पक्ष, मध्ये दोन महिने. दार अरुंद की रुंद यावर उमेदवारच बदलला. मी स्वतः सँडर्सच्या बाजूचा होतो, कॉकसच्या दिवशी नाचलो होतो, आणि मे महिन्यात तो निकाल बघून मला माझ्याच आनंदाचा पुन्हा विचार करावा लागला. पुढे २०२० ला राज्याने प्रतिनिधीही प्रायमरीवरच ठरवले. योग्य केलं.

---

कोलंबिया_एससी:

सगळ्यांचा आदर ठेवून, मला वाटतं आपण या दोन राज्यांचं महत्त्व फार वाढवतोय. २०२० ला बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. मग २९ फेब्रुवारीला आमच्या साउथ कॅरोलायनात ५ लाख ४० हजारांच्या आसपास मतदार बाहेर पडले, निम्म्याहून जास्त काळे मतदार, आणि तिथे बायडेन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. तीन दिवसांनी सुपर ट्यूसडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारी, चित्रच पालटलं. किती लोक आले याबरोबर कोण आले हेही बघा. आमच्याकडे पक्षनोंदणीच नाही, कोणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. त्या शनिवारी चर्चच्या मैदानातून बसेस भरून निघाल्या होत्या. मी एका बसमध्ये पाण्याच्या बाटल्या वाटल्या.

---

लॅबवाली_ताई:

@कोलंबिया_एससी, अगदी मान्य, आणि मुद्दा दोघांचा एकच आहे. शनिवार, दिवसभर उघडं, बस दारात. माणसं येतात. आमच्या २००८ च्या गर्दीने ओबामांना उचलून धरलं हेही तितकंच खरं. लोक आले तर सुरुवातीच्या राज्याला वजन राहतं, नाहीतर नुसती तारीख.

---

नवी_आयोवाकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला फोनवर वाचून दाखवला. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मुलीला बरोबर नेलं तर चालतं का? आणि माझी पक्षनोंदणी अजून न्यू जर्सीचीच आहे.

---

लॅबवाली_ताई:

अगं, मुलांना खुशाल आणतात. २००८ ला माझा मुलगा टेबलाखाली रंगवत बसला होता. खडू आणि खाऊ घे, भाषणं लांबतात. आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांच्या मुलांनाही इथे भाग घेता येतो. तो मुलगा २०१६ ला सतराचा होता आणि एकटा जाऊन आला. मी लॅबमध्ये, तो शाळेच्या त्याच खोलीत. रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये मला घ्यायला आला आणि म्हणाला, "आई, माझा नंबर त्र्याण्णव होता."

नोंदणी आयोवात आजच करून टाक, ऑनलाइन पाच मिनिटांचं काम. आतापर्यंत कॉकसच्या दारातही नाव नोंदवता आणि पक्ष बदलता यायचा, पण त्या रांगेत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन उभी राहू नकोस. नियम दर वेळी थोडे हलतात, तेव्हा आधीच्या शरद ऋतूत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) पक्ष कार्यालयाला एकदा फोन कर. फोनवर बोलताना हेही विचार की पाळीवाल्यांसाठी काय सोय आहे. एकीने विचारलं तर विसरतात. चाळीस जणींनी विचारलं तर टिपून ठेवतात. मी दर वेळी विचारते.