चिंचेरोचा विमानतळ: पेरूला आणखी पर्यटक झेपतील का?

रानवाटा

पेरूत २०१९ साली ४४ लाखांच्या आसपास परदेशी पर्यटक आले होते. मग कोविड आला. त्यातून सावरतायत तोवर डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष कास्तियो यांची गच्छंती झाली, आंदोलनं पेटली आणि जानेवारी २०२३ मध्ये माचू पिक्चूलाच, म्हणजे इंकांच्या डोंगरावरच्या प्राचीन शहरालाच कुलूप लागलं. २०२४ मध्ये आकडा पुन्हा ३२ लाखांवर पोचला. आता सरकारला जुना आकडा ओलांडायचाय आणि त्यासाठी सगळी भिस्त आहे चिंचेरोच्या नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काम बरंच पुढे गेलंय हे ठाऊक आहे, तरीही हा विमानतळ नको होता.

चिंचेरो म्हणजे कुस्को शहराजवळचं ३,७६० मीटरवरचं पठार, आणि कुस्को म्हणजे माचू पिक्चूला जाणाऱ्यांचा मुख्य तळ. इंका राजा तुपाक युपांकीची ही खासगी जहागीर. त्याच्या वाड्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी चर्च उभं केलं, आणि आसपासच्या दगडी बांधांच्या शेतात लोक आजही बटाटा लावतात. शेजारी पियुराय तलाव आहे, कुस्को शहराच्या पाण्याचा मोठा आधार. तिथे वर्षाला ६० लाख प्रवाशांचा विमानतळ! २०१९ मध्ये माती हलवायला सुरुवात झाली तेव्हा जगभरच्या पुरातत्त्वज्ञांनी आणि इतिहासकारांनी सही करून विरोध केला होता. कोण ऐकतो?

आणि हे येणारे लोक जाणार कुठे? माचू पिक्चूला दिवसाला २,५०० च्या वर लोक नकोत असं युनेस्कोच्या सल्ल्याने ठरलं होतं. २०२४ पासून मर्यादा ४,५०० झाली, गर्दीच्या ठरावीक दिवशी ५,६००. डोंगर तेवढाच, दरवाजा तोच. म्हणून आता आत ठरवून दिलेल्या एकेरी वाटांनी चालायचं, मागे वळून फोटो काढायला थांबलात की गार्ड शिट्टी मारतो.

पोटापाण्याचं_बोला

रानवाटा, लेख छान, पण हे सगळं पुण्यात बसून लिहायला सोपं आहे. मी सहली नेण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे गृहीत धरूनच वाचा.

मार्च ते ऑक्टोबर २०२० माचू पिक्चू पूर्ण बंद होतं. तेव्हा तिथे अडकलेल्या एका जपानी तरुणासाठी एकट्यासाठी दार उघडलं, त्याची बातमी जगभर फिरली, सगळ्यांना फार गोड वाटलं. त्याच महिन्यांत इंका ट्रेलचे, म्हणजे माचू पिक्चूला पायी जाणाऱ्या वाटेचे हमाल, स्वयंपाकी, गाइड गावी परत जाऊन बटाटे खणत होते. त्यांची बातमी नाही झाली. तुम्हाला हवी तशी शांतता तेव्हा होती. विचारा त्यांना, आवडली का.

दुसरं, कुस्कोचा आत्ताचा विमानतळ शहराच्या मधोमध आहे. चहूबाजूंनी डोंगर, खाली घरं. रात्री विमान उतरत नाही. हवा बिघडली की सकाळची उड्डाणं रद्द, की माझे पंचवीस लोक राजधानी लिमात लटकले, की पुढची ट्रेन गेली, की माचू पिक्चूचं तिकीट गेलं. ते तिकीट ठरल्या तासाचं असतं, बदलून मिळत नाही. कुस्कोवाले कित्येक दशकं नवा विमानतळ मागतायत. मागणी त्यांची आहे, आपण कोण नाही म्हणणारे?

खडूस_काका

मराठी माणूस आठ दिवसांत पेरू, ब्राझील, अर्जेंटिना उरकून येतो आणि वर गर्दीबद्दल तक्रार करतो. ती गर्दी म्हणजे आपणच, साहेब. (हलकेच घ्या.)

लिमाकर

काही वर्षं लिमात होतो, तीनचाकींच्या सुट्या भागांच्या कामात. बजाजच्या रिक्षा तिथे मोतोताक्सी म्हणून इतक्या धावतात की पहिल्या दिवशी परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. असो, अवांतर.

तुम्ही दोघंही माणसं मोजताय, मी पैसे मोजतो. परदेशी माणसाचं माचू पिक्चूचं साधं तिकीट १५२ सोल (तिथलं चलन), ते सरकारला. ओयांताइताम्बो गावापासून पुढे माचू पिक्चूपर्यंत थेट गाडीरस्ता नाही, म्हणून ट्रेन. जाऊन येऊन सहज शंभर डॉलरच्या वर. ट्रेन कंपन्या मुख्यतः दोन, त्यातल्या मोठीत निम्मा वाटा परदेशी लक्झरी समूहाचा. खाली आग्वास कालिएन्तेस गावात उतरलात की वर जायला बस, वळणावळणाचा अर्ध्या तासाचा रस्ता, येऊन जाऊन २४ डॉलर. म्हणजे जागतिक वारसा बघायला जेवढे पैसे लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे तिथवर पोचायला लागतात. आणि पोचवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्याच भागातल्या उरुबाम्बा गावातला मोतोताक्सीवाला मला म्हणाला होता, पर्यटक आमच्यासमोरून जातात, काचेच्या आतून. सगळं पॅकेज आधीच विकलेलं असतं. तो माणूस विमानतळाच्या बाजूने होता, हे मात्र सांगायला हवं. त्याला वाटत होतं, निदान विमानतळापासून हॉटेलपर्यंतचं भाडं तरी मिळेल.

म्हणून भांडणं होतात तीही गर्दीवरून होत नाहीत, हे बघा. जानेवारी २०२४ मध्ये आग्वास कालिएन्तेस गावाने संप केला, ट्रेन बंद पडल्या. कारण काय? तिकीटविक्री एका खासगी कंपनीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मकडे दिली म्हणून. सरकारला माघार घ्यावी लागली, आणि रोजची हजार तिकिटं गावातच समोरासमोर विकायचं ठरलं. का? तर तिकिटासाठी माणूस आदल्या दिवशी गावात येऊन रांग लावतो, रात्री राहतो, जेवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तेच, या वेळी बसच्या ठेक्यावरून. रुळांवर दगड आणि ओंडके. हजारच्या वर पर्यटकांना बाहेर काढावं लागलं.

पोटापाण्याचं_बोला

@लिमाकर, मुद्दा मान्य, पण त्या संपात माझ्यासारख्यांचे हाल झाले त्याचं काय! लोकांनी वर्षभर आधी पैसे भरलेले असतात. गावाचं सरकारशी भांडण, आणि रुळावर बसतो मुलुंडच्या काकूंचा गट.

रानवाटा

@लिमाकर, उत्तम प्रतिसाद. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. आज साडेचार हजारांत ज्यांना वाटा मिळत नाही, त्यांना साठ लाखांत मिळेल? हीच गिऱ्हाइकं हीच पॅकेजं घेऊन येतील, फक्त लिमात थांबणार नाहीत. थेट ३,७६० मीटरवर उतरतील. कुस्कोच ३,४०० वर आहे, तिथेच लोकांचं डोकं ठणकतं. सोरोचे म्हणतात त्याला. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, तो शोभेला नसतो.

अवंती_जो

मी चिंचेरोला गेलेय, म्हणून थोडं. बस थांबते, अंगणात बाकं मांडलेली असतात. एक बाई किसलेली मुळी पाण्यात घुसळून फेस काढते, त्यात मळकी लोकर बुडवते आणि पांढरी करून दाखवते. मग निवडुंगावरचा वाळका किडा तळहातावर चुरडते, हात लालभडक. लिंबू पिळलं की तोच रंग नारिंगी. तोंडाने चुटके चालू असतात, स्पॅनिशमधून, मध्येच इंग्रजी, आणि आमच्या गटाला पाहून 'नमस्ते'. वीस मिनिटं हे, दहा मिनिटं खरेदी, बस सुटली.

मला आधी हे नाटकी वाटलं. पण नंतर एका मुलीशी बोलले. ती कुस्कोला कॉलेजात शिकते, सुट्टीत आईच्या मागावर बसते. तिची आजी हेच कापड विणायची, पण ते घरापुरतं. आईने त्यावर दोन मुलं शिकवली. तिला विमानतळ हवाय का विचारलं, तर म्हणाली, आमच्याच समाजाने जमीन विकली, त्या पैशांतून चुलत्याने तीन मजली विटांचं घर बांधलं, हॉटेल काढणार म्हणतो. मग हसून पुढे म्हणाली, आता सगळेच हॉटेल काढणारेत.

त्या वस्तीत मातीच्या घरांमध्ये हे विटांचे मजले वर डोकावताना दिसतात, वरचा मजला अर्धवट, सळया बाहेर आलेल्या. विमान आलं नाही, हॉटेल आधीच तयार. हे बघून माझं मत काय झालं, प्रामाणिकपणे सांगते, अजून पक्कं नाही.

भूगर्भ

पर्यटन वाईट म्हणताना पर्याय काय ते कुणीच बोलत नाही. पर्याय खाण आहे. तिथला नियम असा की खाणकंपनीच्या प्राप्तिकरातला निम्मा भाग त्या त्या प्रांताला परत मिळतो. म्हणजे खाण असेल तर महापौरांच्या हातात पैसा खेळतो. पर्यटनाला असा हक्काचा वाटा नाही. आता सांगा, स्थानिक पुढारी कशाच्या मागे धावेल?

विनिकुंका, तो इंद्रधनुषी डोंगर, आठवा. साधारण २०१५ पर्यंत बाहेरच्यांना माहीतही नव्हता. मग इन्स्टाग्राम झालं. पाच हजार मीटरवर लोक घोड्यावरून चढू लागले, पायवाटेचा चिखल झाला. पण २०१८ मध्ये त्याच डोंगराचा भाग एका परदेशी कंपनीच्या खाण-परवान्यात आल्याचं उघड झालं, ओरडा झाला आणि कंपनीने तो सोडून दिला. इन्स्टाग्राम नसतं तर कुणी ओरडलं असतं?

खडूस_काका

म्हणजे डोंगर एक तर खणायचा नाहीतर त्याच्यासमोर सेल्फी काढायचा. तिसरं काही नाही.

शिडाची_होडी

तिसरं होतं, काका. तितिकाका सरोवरातलं ताकिले बेट. सत्तरच्या दशकात परदेशी पाठपिशवीवाले येऊ लागले तेव्हा बेटकऱ्यांनी वर्गणी काढून होड्या बांधल्या. पाहुणा आला की कुणाच्या घरी उतरवायचा ते पाळीने ठरायचं. विणकामाचं सामायिक दुकान, भाव ठरलेला. किती लोक बेटावर येणार हे होडीवाला, म्हणजे बेटच, ठरवत असे.

मग नव्वदीत राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींच्या राजवटीत मक्तेदारीविरोधी धोरण आलं आणि किनाऱ्यावरच्या पुनो शहराच्या खासगी बोटींना रान मोकळं झालं. सकाळी आणतात, दुपारी नेतात, मुक्काम नाही. पर्यटक वाढले, वाटा घटला. माणसं किती येतात याने फार फरक पडत नाही, होडी कोणाची यानेच सगळा फरक पडतो. चिंचेरोत तर विमानतळाची होडी सरकारची, बांधणारे कोरियन, उतरवणाऱ्या विमान कंपन्या बाहेरच्या.

पोटापाण्याचं_बोला

ताकिलेला माणसं मुठीत मावतील एवढी. सुमारे तीन कोटी चाळीस लाखांचा देश पाळीपाळीने पाहुणे वाटून घेणार का?

आणि गर्दी माचू पिक्चूवरून हलवायची तर दुसऱ्या जागा पुढे आणायला लागतील. चोकेकिराव आहे, माचू पिक्चूचं भावंडच. आज दोन दिवस चालत गेल्याशिवाय दिसत नाही. केबल कारची घोषणा वर्षानुवर्षं ऐकतोय. ती होऊ द्या, विमानतळ होऊ द्या, लोक आपोआप विभागतील.

रानवाटा

केबल कारचं नाव काढलंत ते बरं केलंत. उत्तरेत अमेझॉनास प्रांतात कुएलाप म्हणून चाचापोया लोकांचा किल्ला आहे, माचू पिक्चूपेक्षा जुना. २०१७ मध्ये तिथे देशातली पहिली मोठी केबल कार झाली. 'उत्तरेचं माचू पिक्चू' म्हणून जाहिराती झाल्या, लोक वाढले. एप्रिल २०२२ मध्ये पावसात किल्ल्याच्या तटाचा भाग ढासळला. किल्ला वर्षाहून जास्त बंद. केबल कारला पैसे निघाले, तटात मुरणाऱ्या पाण्याचं बघायला नाही निघाले.

पोटापाण्याचं_बोला

तट पर्यटकांनी पाडला नाही, पावसाने आणि हलगर्जीपणाने पाडला. आणि तो बंद असताना खालच्या गावातल्या खानावळींचं काय झालं असेल? माझं म्हणणं एवढंच आहे की तिकिटातला ठरावीक हिस्सा त्या जागेच्या डागडुजीला आणि त्या गावाला कायद्याने बांधून द्या. खाणीला जमतं तर पर्यटनाला का नाही? भूगर्भ यांनी तो नियम आयता समोर ठेवलाय.

रानवाटा

यावर सहमत. पण तो कायदा आधी, धावपट्टी नंतर. तिथे उलटं चाललंय.

शिडाची_होडी

+१. आणि त्या कायद्यात बसचा आणि ट्रेनचाही हिस्सा धरा. १५२ सोलच्या तिकिटातून किती निघणार?

खडूस_काका

ठरलं तर. आता हा धागा स्पॅनिशमध्ये करून लिमाला पाठवा. कुठल्या राष्ट्राध्यक्षाला पाठवायचा ते मात्र त्या आठवड्यात बघून ठरवा.