मदत हवी आहे: अपघाताला नऊ महिने झाले, बाबांचा दावा आता दाखल होईल का?

मार्च २०२५ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावर बाबांच्या दुचाकीला टेम्पोनं मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, जखम चिघळल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. जुलैपर्यंत आम्ही दवाखान्यातच होतो, कोर्टाचं काही सुचलंच नाही. एफआयआर झालेली आहे, टेम्पोचा विमाही चालू होता. आता एक वकील म्हणतात, सहा महिन्यांची मुदत संपली. दुसरे म्हणतात, अशा दाव्याला मुदतच नसते. कुणाचं धरायचं? बाबा फरशी बसवायचं काम करतात, म्हणजे करायचे. आता त्यांना उकिडवं बसताच येत नाही.

प्रतिसाद १:
दुसरे वकील जुनं सांगत आहेत. १९९४ च्या दुरुस्तीनं मुदत काढली होती हे खरं, पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये सहा महिने परत आले आणि १ एप्रिल २०२२ पासून ते लागू आहेत. मात्र या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. निकाल लागेपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतिम निकाल उलट गेला तर ही वाट बंद होऊ शकते, म्हणून याच आठवड्यात अर्ज लावा. उशीर का झाला ते दवाखान्याच्या कागदांसह अर्जात लिहा. अपघात कुठेही झालेला असो, तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज चालतो.

आणि आधी पोलीस ठाण्यात जा. कलम १५९ प्रमाणे पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि १६६(४) प्रमाणे तो अहवालच भरपाईचा अर्ज धरला जातो. तो वेळेत गेला असेल तर मुदतीचा वाद बराच हलका होईल.

प्रतिसाद २:
अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यावर थांबू नका. त्या अपंगत्वामुळे माणसाची कमाई किती बुडाली ते त्याच्या धंद्यावरून पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलेलं आहे. टेबलावर काम करणाऱ्याचा गुडघा आणि फरशीवाल्याचा गुडघा सारखा नाही. बाबा ज्यांच्याकडे काम करत होते त्या ठेकेदाराला साक्षीला तयार ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पोलीस ठाण्यात जाऊन आलो. अहवाल जूनमध्येच गेलाय म्हणतात, नक्कल सोमवारी मिळेल. ती घेऊन थेट वकिलांकडे जातो.